गाणे कवीचे, बांधणी कोणाचीच नाही?

१९५५ साली अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय गायिकेने एका खासदाराला पत्र लिहिले. गायिकेचे नाव लव्हर्न बेकर. खासदार होते चार्ल्स डिग्ज. १९५४ च्या निवडणुकीत मिशिगन राज्यातून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला मिसिसिपीत चालला, तेव्हा जिवाची पर्वा न करता त्या कोर्टात जाऊन बसणारे हेच डिग्ज. अशा माणसाला बेकरने लिहिलेले पत्र मतदानाच्या हक्काविषयी नव्हते, शाळेतील भेदभावाविषयीही नव्हते. ते एका गाण्याविषयी होते.

कोणी म्हणेल, जिथे माणसे मारली जात होती तिथे गाण्याचे काय घेऊन बसलात? पण ज्याच्या श्रमावर दुसराच पोट भरतो, त्याच्यासाठी तो प्रश्न करमणुकीचा नसतो, भाकरीचा असतो. आणि भाकरीच्या आधी तो माणूस म्हणून मोजले जाण्याचा असतो. म्हणून हे प्रकरण आपण नीट समजून घेतले पाहिजे.

नक्कल कशाची झाली?

बेकरने गायिलेले 'ट्वीडल डी' हे गाणे अटलांटिक कंपनीने १९५४ च्या अखेरीस बाजारात आणले. गाणे लिहिले होते विनफिल्ड स्कॉट या कृष्णवर्णीय गीतकाराने. गाणे गाजू लागले. लगेच मर्क्युरी या मोठ्या कंपनीने जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेकडून तेच गाणे गाऊन घेतले. तेच गाणे म्हणजे नुसते तेच शब्द आणि तीच चाल नव्हे. ताल तोच, वाद्यांचा मेळ तोच, मागच्या साथीच्या जागा त्याच, शब्दावर दिलेला झोलही तोच. थोडक्यात, बेकर आणि तिच्या वादकांनी मेहनतीने जी बांधणी केली होती, ती जशीच्या तशी उचलली गेली. या बांधणीलाच इंग्रजीत अरेंजमेंट म्हणतात.

पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. 'बिलबोर्ड' या व्यवसायाच्या साप्ताहिकाच्या सर्वसाधारण यादीत बेकरचे गाणे १४ व्या क्रमांकापर्यंत गेले. कृष्णवर्णीयांच्या बाजारासाठी ठेवलेल्या वेगळ्या यादीत ते ४ थे होते. गिब्जची नक्कल सर्वसाधारण यादीत थेट २ ऱ्या क्रमांकावर पोहोचली. गोऱ्यांची बहुसंख्य रेडिओ केंद्रे गोऱ्या गायकांच्याच तबकड्या वाजवीत, दुकानेही त्याच पुढे मांडीत. गाण्यालाही वेगळी वस्ती होती! आपले सुमारे १५ हजार डॉलरांचे नुकसान झाले, असा बेकरचा हिशेब होता.

बेकरने डिग्ज यांना लिहिलेल्या पत्रातील मागणी फार मोजकी होती. माझे गाणे दुसऱ्या कोणी गाऊ नये, असे ती म्हणत नव्हती. एका गायकाचे गाणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने गाणे ही संगीतातील जुनीच रीत आहे. तिची तक्रार होती ती सुरासुराने, जागाजागेने केलेल्या नकलेबद्दल. कायदा बदलून या बांधणीला संरक्षण द्यावे, एवढेच तिचे म्हणणे होते. कायदा बदलला नाही. पुढे ऑस्ट्रेलियाला विमानाने जाताना तिने आपल्या नावाचा विमा उतरवला आणि लाभार्थी म्हणून गिब्जचे नाव घातले, अशी हकीकत सांगितली जाते. मी मेले तर नक्कल करायला तुझ्याजवळ काही उरणार नाही, तेव्हा पैशांची गरज तुलाच पडेल, असा त्यातला टोमणा. ज्याला न्याय मिळत नाही तो शेवटी विनोद करतो. त्या विनोदाची धार समजण्याएवढे आपण त्या वस्तीच्या जवळचे आहोत.

कायद्याच्या डोळ्याला काय दिसते?

सामान्य माणूस विचारील, एवढी उघड चोरी होती तर बेकर कोर्टात का गेली नाही? याचे उत्तर गाण्याच्या मालकीची वाटणी कशी केली आहे, त्यात आहे.

कायद्याच्या लेखी गाण्यात मालकीच्या दोनच वस्तू असतात. पहिली, शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची, आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडून हक्क विकत घेतलेल्या प्रकाशकाची. दुसरी, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. ते कंपनीचे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने अशी सोय केली की, संगीतकाराच्या परवानगीने गाणे एकदा मुद्रित झाले की नंतर कोणीही ते मुद्रित करावे, दर प्रतीमागे २ सेंट संगीतकाराला द्यावेत, वेगळी परवानगी मागायची गरज नाही. हेतू चांगला होता. एखाद्या बड्या कंपनीने सगळे संगीत आपल्या तिजोरीत कोंडून ठेवू नये, म्हणून ही तरतूद केली गेली. परंतु या दोन वस्तूंच्या मधोमध जे काम उभे असते, म्हणजे कोणत्या वाद्याने कुठे बोलायचे, ताल कुठे मोडायचा, कोणत्या शब्दावर थांबायचे, कोरसने कधी उचलायचे, त्याला मालकच नाही. त्या काळी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणालाही संरक्षण नव्हते. ते १९७२ साली आले. आणि आल्यावरही कायद्याने स्पष्टच केले की, मूळ मुद्रणातला आवाज यंत्राने उचलणे हा गुन्हा, पण वेगळे वादक बसवून हुबेहूब तसाच आवाज काढणे हा गुन्हा नाही!

बेकरच्या पत्राच्या पाच वर्षे आधीच एका कोर्टाने हा दरवाजा बंद केला होता. 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' हे गाणे पॉला वॉटसन या कृष्णवर्णीय गायिकेने सुप्रीम या लहान कंपनीसाठी गायिले. डेक्का या बलाढ्य कंपनीने तेच गाणे एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून गाऊन घेतले आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर नेले. सुप्रीमने दावा लावला की आमची बांधणी चोरली. १९५० साली कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश लिऑन यँकविच यांनी दावा फेटाळला. अशी बांधणी ही स्वतंत्र मालमत्ता ठरत नाही, असा निकालाचा आशय. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन्ही तबकड्या तोलून त्यांनी सुप्रीमची यांत्रिक ठरवली आणि डेक्काची भरदार! ज्याने आधी केले त्याचे निर्जीव आणि ज्याने पाहून केले त्याचे कसदार. हा न्याय आपल्या कानांना अनोळखी आहे काय?

इथे आणखी एक तुलना करू. फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय कलावंताचे 'एन्ट दॅट अ शेम' हे गाणे १९५५ सालीच पॅट बून या गोऱ्या गायकाने गायिले आणि पहिल्या क्रमांकावर नेले. प्रसिद्धी बूनने खाल्ली हे खरेच. पण डॉमिनो त्या गाण्याचा सहलेखक होता. त्यामुळे बूनच्या तबकड्या खपल्या तरी लेखक म्हणून त्याचा वाटा कायद्याने ठरलेला होता. बेकरच्या गाण्यात तसा हक्क स्कॉटचा होता. बेकरने गाणे लिहिलेले नव्हते, म्हणून गिब्जच्या तबकड्यांतून तिला एक सेंटही देणे लागत नव्हते. वर्णद्वेष दोघांनाही भोवला. पण ज्याच्या हाती कागद होता त्याच्या पदरात काही पडले. ज्याच्या हाती फक्त कला होती त्याचे हात रिकामे राहिले. लिहिलेल्याला मालकी आणि प्रत्यक्ष केलेल्याला मजुरी, ही वाटणी वरवर तटस्थ दिसते. पण ज्यांना लिहिण्यापासून आणि कागदापासूनच पिढ्यान् पिढ्या दूर ठेवले, त्यांच्यावर ती कशी कोसळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

५८ वर्षांनंतर तेच उत्तर

हा फक्त जुन्या वर्णभेदाच्या काळातील प्रकार होता, असे कोणी समजू नये. सर मिक्स-अ-लॉट या कृष्णवर्णीय रॅप गायकाचे १९९२ साली गाजलेले 'बेबी गॉट बॅक' हे गाणे जोनाथन कोल्टन या गोऱ्या कलावंताने २००५ साली नव्याने केले. मूळ गाणे ठेक्यावर बोलण्याचे. कोल्टनने त्याला स्वतःची संथ चाल लावली, गिटार-बँजोच्या अंगाने त्याची बांधणी केली आणि मूळ गायकाने जिथे स्वतःचे नाव गुंफले होते तिथे आपले नाव घातले. हे करताना त्याने रीतसर परवाना घेऊन मूळ हक्कदाराचे पैसे भरले.

जानेवारी २०१३ मध्ये फॉक्स वाहिनीच्या 'ग्ली' या मालिकेत हेच गाणे आले. चाल कोल्टनची, बांधणी कोल्टनची. एवढेच नव्हे, तर कोल्टनने गुंफलेले त्याचे स्वतःचे नावही तसेच राहिले होते! श्रेयनामावलीत मात्र त्याचा पत्ता नाही. आधी विचारले नाही, नंतर माफीही मागितली नाही. कोल्टनने जाहीरपणे सांगितले त्याप्रमाणे, त्याला उत्तर मिळाले ते असे की आम्ही कायद्यात बसतो, आणि तुझ्या कामाला प्रसिद्धी मिळाली याचा तूच आनंद मान. ज्याचे नावच घेतले नाही त्याला कसली प्रसिद्धी?

कायद्याने त्याचे हात बांधलेले होते. परवाना घेऊन केलेल्या बांधणीला मूळ मालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय स्वतंत्र संरक्षण मिळत नाही, असे अमेरिकेच्या कायद्याचे ११५ वे कलम म्हणते. शेवटी कोल्टनने आपलेच जुने मुद्रण 'ग्लीच्या शैलीतले' असे नाव देऊन पुन्हा विक्रीला काढले आणि ठरावीक मुदतीतले उत्पन्न धर्मादाय कामाला दिले. बेकरचा विमा आणि कोल्टनचा हा टोला, दोन्ही एकाच जातीचे. कोर्टाचे दार बंद असले की कलावंताजवळ एवढेच शस्त्र उरते.

या प्रकरणातून एक गोष्ट सरळ दिसते. यावेळी लुबाडला गेलेला गोरा होता. म्हणजे कायद्यातील खड्डा सर्वांसाठीच आहे. पण १९५० च्या दशकात त्या खड्ड्यात कोण रांगेने पडले आणि काठावर उभे राहून कोण श्रीमंत झाले, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही.

मग बांधणीलाही कुलूप लावायचे काय?

यावर सोपा उपाय सुचतो तो असा की बांधणीलाही कॉपीराइट द्या. माझे मत वेगळे आहे आणि ते मी कारणांसह मांडतो.

ब्लूज असो वा आपला जलसा, लोकांचे संगीत हे एकमेकांचे ऐकून वाढलेले आहे. ढोलकीचा एखादा तोडा, हार्मोनियमवरची एखादी सुरावट, कोरस उचलण्याची एखादी पद्धत पहिल्यांदा कोणी काढली, हे कोणते कोर्ट ठरवणार? आणि ठरवले तरी तो हक्क गरीब वादकाकडे किती दिवस राहणार? आज जसे शब्द आणि चाली कंपन्यांनी घाऊक विकत घेतल्या, तशाच बांधण्याही घेतील. मग वस्तीतल्या पथकाला नोटीस येईल ती वादकाची नव्हे, कंपनीची. अमेरिकेत 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याविरुद्ध मार्विन गे या थोर कृष्णवर्णीय गायकाच्या वारसांनी २०१५ साली खटला जिंकला आणि २०१८ साली अपिलातही तो निकाल प्रामुख्याने कायम राहिला. वारसांना पैसा मिळाला याचा आनंदच आहे. पण अपील चालू असताना २०० हून अधिक संगीतकारांनी कोर्टाला कळवले होते की, अशाने गाण्याच्या नुसत्या बाजावरही मालकी सांगितली जाईल. ती भीती खोटी म्हणता येत नाही.

म्हणून मागणी कुलपाची नको. मागणी तीन गोष्टींची हवी: नाव, विचारणा आणि वाटा. कोणीही कोणाचेही गाणे आपल्या पद्धतीने गावे. ते स्वातंत्र्य राहिलेच पाहिजे. परंतु विक्रीसाठी, जाहिरातीसाठी, वाहिनीसाठी एखाद्याची बांधणी जागाजागेने उचलायची असेल, तर त्याला आधी विचारावे, त्याचे नाव लिहावे आणि मिळकतीतील ठरावीक वाटा द्यावा. आपल्या बुद्धीने नवे करणे आणि दुसऱ्याचे जसेच्या तसे छापणे यांतला फरक १९५५ मध्येही कळत होता. न्यूयॉर्कच्या विन्स या रेडिओ केंद्राने त्या वर्षी जाहीर केले की, हुबेहूब नकला आम्ही वाजवणार नाही. स्वतःची काही भर घातलेली गाणी वाजवू. कायदा झोपलेला असताना एका रेडिओ केंद्राला जे कळले, ते संसदेला कळू नये?

आपल्याकडचा कायदा

आपल्याकडे यापेक्षा बरे आहे, असा समज करून घेऊ नये. हिंदी चित्रपटसंगीताच्या ज्या वाद्यमेळावर आपण वाढलो, त्यातील बराचसा भाग गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती संगीत संयोजकांनी बांधला. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी, तर इतर अनेकांसाठी अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी. संगीतकाराचे नाव पडद्यावर मोठ्या अक्षरात आले. संयोजकाचे आलेच तर साहाय्यक म्हणून, बारीक अक्षरात. मग १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि टी-सीरीजने जुनी गाणी नव्या गळ्यांतून काढली. त्यांत मूळ वाद्यमेळ कानाने ऐकून पुन्हा उभा केलेला असे. गीतकार-संगीतकाराच्या हक्कांवर कंपन्या कोर्टात भांडल्या. संयोजकाच्या बाजूने कोण भांडणार? त्याला एकदाच मेहनताना मिळाला होता, विषय संपला.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची बांधणी हे 'रूपांतर' मानले आहे आणि ते करण्याचा हक्क मूळ मालकाचा आहे. गायक-वादकाला तर १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत कसलाच हक्क नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला टिपण जोडून या अन्यायाकडे संसदेचे लक्ष वेधले, त्यानंतर १७ वर्षांनी हा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर नाव लागण्याचा हक्कही दिला. परंतु तो त्याच्या स्वतःच्या सादरीकरणापुरता. दुसऱ्याने हुबेहूब नक्कल केली तर त्यावर तो लागू नाही.

याच दुरुस्तीने ३१-क नंतरची नवी तरतूद आली, इंग्रजी क्रमाने ३१-सी. तिच्यानुसार पहिल्या मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी कोणीही ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरून गाणे पुन्हा मुद्रित करू शकतो. रॉयल्टी दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची. पण आवरणावर आधीच्या मुद्रणातील कलावंताचे नाव किंवा चित्र छापण्यास तिने मनाई केली आहे. ग्राहकाची फसवणूक होऊ नये हा हेतू योग्यच. परंतु परिणाम पाहा! ज्याची नक्कल करायची त्याचे नाव आवरणावर न लिहिणे हेच कायदेशीर ठरले. फसवणूक टाळायची असेल तर 'मूळ बांधणी अमुक यांची, हे मुद्रण नवे' असे स्पष्ट लिहिणे सक्तीचे करा. नाव पुसून फसवणूक टळत नाही, फक्त माणूस पुसला जातो.

आधी आपल्या घरात

शेवटी आपल्याविषयी. आपल्या शाहिरांनी कॉपीराइटचा कायदा न वाचता एक कायदा पाळला होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि ती गावोगाव गायिली गेली. त्यांना कोणी परवाना मागितला नाही. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की ऐकणाऱ्याला कळत असे की हे कोणाचे. ती नाममुद्रा म्हणजे आपला हक्काचा शिक्काच. कोल्टनच्या गाण्यातही तेच होते. उचलणाऱ्यांनी शिक्क्यासकट उचलले, एवढेच.

परंतु नाममुद्रा कवीची असते. ज्याने त्या गाण्याला ठेका दिला, ज्याने पेटीवर सुरावट बसवली, ज्या बाईने कोरसमध्ये आवाज लावला, त्यांची मुद्रा कुठे आहे? १४ एप्रिलच्या मंचावर गाजलेल्या भीमगीतांची बांधणी आपली पथके तशीच्या तशी वाजवतात. त्यात काही गैर नाही. ते लोकांचे गाणे आहे, ते वाजलेच पाहिजे. पण निवेदकाने माइकवर कवीबरोबर संगीत संयोजकाचे आणि वादकांचे नाव घ्यायला काय खर्च येतो? आणि त्याच बांधणीवर नवी चित्रफीत काढून इंटरनेटवर पैसे कमावणाऱ्याने मूळ वादकाला फोन करू नये? डेक्काने वॉटसनशी केले ते चूक आणि आपण आपल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याशी करतो ते चालते, असे म्हणता येणार नाही.

मंडळांनी ठराव करावा की कार्यक्रमपत्रिकेत कवी, गायक, संयोजक आणि वादक ही चारही नावे छापली जातील. जे ध्वनिमुद्रण करतात त्यांनी वादकांशी साधा एका पानाचा लेखी करार करावा. त्यात एकदाच्या मेहनतान्याबरोबर पुढच्या मिळकतीचा वाटा लिहावा. आणि आपल्यातील जे वकील आहेत त्यांनी तो करार फुकट लिहून द्यावा.

बेकरच्या पत्राला संसदेने उत्तर दिले नाही. आपल्या वादकांनी अजून पत्रच लिहिलेले नाही. ते लिहिण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, हे मात्र आपल्या हातात आहे.